छोट्या कारखान्यात नवं तंत्रज्ञान आणताना: मालक आणि सुपरवायझरसाठी पायरीपायरीचं मार्गदर्शन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात पंचवीस ते साठ माणसांची मशीन शॉप्स चालतात. तिथे संगणकावर जॉब कार्ड (मशीनवर करायच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे जॉबची, नोंद), स्टोअर आणि बिलिंग बसवून देणं हे माझं काम. सॉफ्टवेअर बसायला दहा-पंधरा दिवस लागतात, सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामने चालणारं) मशीन तर क्रेनने उतरवून चार दिवसांत सुरू होतं. खरा वेळ जातो तो त्यानंतर शॉपची घडी बसायला. कधी सहा महिने, कधी वर्ष. आणि काही ठिकाणी ती बसतच नाही. लाखो रुपयांचं मशीन अर्ध्या क्षमतेने चालत राहतं आणि मालक म्हणतात, "पोरं ऐकत नाहीत."

बदल बहुतेक वेळा बाहेरून येतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) बंधनकारक झालं, तेव्हा कितीतरी कारखान्यांत पहिल्यांदा नीट बिलिंग आलं. गाड्यांचे सुटे भाग घेणारे मोठे ग्राहक प्रत्येक जॉबचा माग मागतात: कुठल्या हीटचं (भट्टीतल्या एका ओतणीचं) कास्टिंग, कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला. म्हणजे तारीख मालकाच्या हातात नसते, पण बदल कसा आणायचा हे असतं. मी जे करतो ते खाली क्रमाने देतो. क्रम महत्त्वाचा आहे, पहिल्या दोन पायऱ्या तर मशीनची ऑर्डर देण्याआधीच्या आहेत.

पहिली पायरी: कोण कोणाला काय विचारतं, ते लिहून काढा

एक आठवडा शॉपमध्ये उभं राहा. खिशात छोटी वही ठेवा आणि फक्त प्रश्न टिपा. "या जॉबला कुठला इन्सर्ट (कापणारं पातं) लावू?" कोणी विचारलं, कोणाला विचारलं. "आज आधी कुठला जॉब घ्यायचा?" "कालचा माल कुठे अडकलाय?" "हे माप चालेल का?" आठवड्याच्या शेवटी कागदावर नावं मांडा आणि विचारणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे बाण काढा. कारखान्याचा खरा नकाशा हा असतो. ऑफिसच्या भिंतीवरच्या तक्त्यात कोण कोणाच्या हाताखाली ते दिसतं, कोणाच्या शब्दाला वजन आहे ते या कागदावर दिसतं.

नवं तंत्र आलं की पहिल्यांदा हे बाण हलतात. काल ज्याला विचारत होते त्याला आज कोणी विचारत नाही, कारण उत्तर पडद्यावर आहे. पगार तोच, हुद्दा तोच, कोणी एका शब्दाने दुखावलेलंही नाही. पण माणूस आतून बाजूला होतो.

एका शॉपमध्ये एक जुने सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन जुळवून देणारे, होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शर्टाच्या वरच्या खिशात एक डायरी, तेल लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. प्रत्येक जॉबचं एक पान: टूल, स्पीड, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि खाली दोन ओळी स्वतःच्या. नवं मशीन आलं तेव्हा मी ड्रॉइंग आणि जुने प्रोग्राम घेऊन सगळ्या जॉबचे सेटिंगचे तक्ते संगणकात भरले. आयटीआय झालेला पोरगा बटण दाबून प्रोग्राम उघडायला लागला. दोन महिने मामांना कोणी काही विचारलं नाही.

मग एका पातळ भिंतीच्या बुशचा (पोकळ नळीसारख्या भागाचा) माल परत आला, तीन दिवसांचं काम. चकमध्ये (जॉब आवळून धरणाऱ्या पकडीत) असताना बोअर, म्हणजे आतलं भोक, डायलवर (मापाच्या घड्याळावर) बरोबर दाखवत होता, जॉब सोडला की गोलाई जात होती. चकच्या तीन जबड्यांमध्ये आवळून धरलेली पातळ भिंत सोडल्यावर मूळ आकारावर येते आणि बोअर तीन ठिकाणी बिघडतो. मामांच्या डायरीत त्या जॉबच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "शेवटच्या कटाआधी चक ढिला कर, परत हलका धर." ती ओळ माझ्या तक्त्यात नव्हती, कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं. आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. मला त्यात त्यांचा दोष कधीच दिसला नाही. ज्याच्याकडे दोन महिने कोणी फिरकलं नाही, त्याने कशाच्या नात्याने पुढे येऊन सांगायचं?

तेव्हापासून माझ्या प्रत्येक सेटिंगच्या तक्त्यात खाली एक रकाना असतो, "अनुभवाची नोंद". तो जुन्या माणसाशेजारी बसून भरायचा आणि पुढे त्याचं नाव छापायचं. नाव छापणं सोडू नका. तक्त्याची छापील प्रत मशीनवर लावली जाते, पुढचा पोरगा ती वाचतो आणि शंका आली की नाव असलेल्या माणसाकडे जातो. बाण शाबूत राहतो.

आपल्या शेजारीच याचा मोठा धडा आहे. १९५०च्या दशकात अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले. २२४ माग, २९ माणसं आणि त्या माणसांची बारा वेगवेगळी कामं. मिलने कामं तुकड्यातुकड्यांत वाटली होती: एकाने फक्त तुटलेला धागा जोडायचा, एकाने फक्त बॉबिन भरायची. माग नवे असूनही उत्पादन अपेक्षेइतकं येईना आणि कापडात खोट निघे. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेतून आलेले ए. के. राइस यांनी सुचवलं, की ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका छोट्या गटाला द्या. कल्पना कामगारांनी उचलून धरली, गटात कोण असेल हेही त्यांनीच ठरवलं, साधारण सात-सात जणांचे गट झाले. माग तेच राहिले, उत्पादन वाढलं, खोट कमी झाली. मी शॉपमध्ये मशीन वाटून देताना हे डोक्यात ठेवतो: एका गटाकडे कच्च्या मालापासून तयार जॉबपर्यंतचा टप्पा पूर्ण हवा. तसं असलं की एकमेकांना विचारण्याचं कारण शिल्लक राहतं.

दुसरी पायरी: प्रत्येकाच्या हातात किती पडणार, याचा हिशोब आधी करा

मालक मशीनच्या कर्जाचा हप्ता काढतात, किती महिन्यांत वसुली ते काढतात. कामगाराच्या घरचा हिशोब कोणी काढत नाही. खरी भीती नोकरी जाण्याची असतेच असं नाही, ओव्हरटाइम जाण्याची असते.

उदाहरण घ्या. महिन्याला १५,६०० रुपये पगार, २६ दिवस. दिवसाचे ६००, तासाचे ७५. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १५०. महिन्याला २४ तास ओव्हरटाइम होत असेल तर वरचे ३,६०० रुपये. नवं मशीन वेगाने काम उरकतं आणि ओव्हरटाइम सहा तासांवर येतो. आता वरचे ९००. महिन्याला २,७०० रुपये कमी. पोराच्या शाळेची फी, सोसायटीचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे या वरच्या पैशावर बेतलेले असतात. मग मशीन "वारंवार बंद पडतं", "प्रोग्राम घेत नाही", याचं नवल वाटायला नको.

म्हणून गेल्या सहा महिन्यांची पगारपत्रकं घ्या आणि प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहा: आत्ता हातात किती पडतात, बदलानंतर किती पडतील. फरक पडतो तिथे आधीच तोड काढा. एका मालकांनी सहा महिने जुन्या सरासरीइतके पैसे कायम ठेवले आणि त्यानंतर दोन मशीन चालवणाऱ्याला वेगळा भत्ता लावला. दुसऱ्यांनी वाचलेल्या तासांत बाहेरून करून घेतलं जाणारं काम आत आणलं. दोन्ही चाललं. चालत नाही ते एकच, गप्प राहणं.

कायदाही हे ओळखतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार, पगार, भत्ते, कामाचे तास यांत बदल करायचा असेल किंवा नव्या यंत्रामुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल, तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सल्लागाराला विचारून घ्या. पण कायदा लागू होवो न होवो, तीन आठवडे आधी सगळ्यांना एकत्र बसवून तोंडाने सांगा. बँकांमध्ये संगणक आले तेव्हा १९८३ साली आधी संघटनांशी करार झाला, मग पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. बोलणी करण्यात वेळ गेला खरा, पण त्याच कर्मचाऱ्यांनी पुढे ते संगणक चालवले.

तिसरी पायरी: एक मशीन, एक नोंद

सॉफ्टवेअर विकणारा तुम्हाला पन्नास अहवाल दाखवेल. पहिल्या महिन्यात त्यातला एकच घ्या आणि एकाच मशीनवर घ्या. कुठला घ्यायचा हे शॉपमधल्या माणसांना विचारा: कुठल्या गोष्टीने तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "टूल शोधण्यात" किंवा "माल कुठे आहे ते विचारण्यात." तिथून सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात कामगाराला काहीतरी मिळतं. मालकाला हव्या असलेल्या अहवालापासून सुरुवात केली की कामगाराच्या वाट्याला नुसतं टायपिंग येतं.

नोंद कुठे आणि कशी होणार, हे मशीनजवळ उभं राहून पाहा. एका ठिकाणी प्रत्येक मशीनला टॅबलेट लावले होते. कुलंटने (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाने) ओले आणि तेलकट हात, त्यावर हातमोजे, पडदा बोट घेईना. आठवड्याभरात सगळे टॅबलेट ड्रॉवरमध्ये गेले. शिफ्ट सुटायच्या आधी एक पोरगा बसून सगळ्यांच्या नोंदी आठवून भरायचा. ऑफिसमध्ये अहवाल सुंदर दिसत होता. आम्ही टॅबलेट काढले, जॉब कार्डवर बारकोड छापला आणि मशीनच्या खांबाला स्कॅनर टांगला. टूंऽऽ वाजलं की नोंद झाली. तिथून खऱ्या नोंदी सुरू झाल्या.

दुसरं, यादी लहान ठेवा. मशीन थांबण्याची चाळीस कारणं यादीत होती, तीही इंग्रजीत. सगळे वरचं पहिलं निवडत. पहिलं कारण होतं लाईट नसण्याचं, त्यामुळे कागदावर रोज तीन-तीन तास लाईट जात होती. आम्ही सहा कारणं ठेवली, शॉपमध्ये बोलतात त्या शब्दांत: टूल नाही, माल नाही, सेटिंग चालू, तपासणीसाठी थांबलो, मशीन बिघडलं, लाईट नाही. शेजारी हिंदीतही लिहिली, कारण फाउंड्रीत आणि शॉपमध्ये आता उत्तरेकडची पोरं मोठ्या संख्येने आहेत. त्यांना मराठी कळते, पण घाईत वाचायला हिंदी बरी पडते.

चौथी पायरी: चूक दिसू लागली की तिचं काय करायचं, ते आधी ठरवा

कारखान्याची संस्कृती घडते किंवा मोडते ती इथे, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

प्रत्येक शॉपमध्ये बाकड्याखाली एक ट्रे असतो. बिघडलेले जॉब त्यात जातात, दुपारी वेळ मिळाला की त्यातले काही सुधारून चांगल्या मालात मिसळतात, उरलेले हळूच भंगारात जातात. सुपरवायझरला माहीत असतं, मालकाला अंदाज असतो, रजिस्टरमध्ये काही नसतं. जॉबगणिक नोंद सुरू झाली की तो ट्रे उजेडात येतो. पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसणार. हे मी मालकांना आधीच सांगून ठेवतो, लिहून देतो, कारण आकडा पाहून ज्या मालकाने पहिल्याच आठवड्यात आरडाओरडा केला, त्याचा आकडा पुढच्या आठवड्यात छान झाला आणि ट्रे बाकड्याखालून गोदामामागे गेला.

पहिले तीन महिने नोंदीवरून कोणाचेही पैसे कापायचे नाहीत, कोणाला मेमो द्यायचा नाही. मालकाने हे सगळ्यांसमोर बोलायचं आणि कागदावर लिहून सूचना फलकावर लावायचं. ज्याने स्वतःची चूक स्वतः नोंदवली, त्याच्यापाशी जाऊन "कशामुळे झालं?" एवढंच विचारायचं. "कोणी केलं?" हा प्रश्न तीन महिने बंद.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपचेही नियम करा. बिघडलेल्या जॉबचा फोटो ग्रुपवर टाकून खाली नाव लिहिणारे सुपरवायझर मी पाहिले आहेत. रात्री साडेदहाला चाळीस माणसांच्या फोनवर एका माणसाची चूक. त्याची बायको, मुलगी तोच फोन हातात घेतात. पूर्वीही साहेब ओरडायचे, पण शॉपमध्ये, मशीनच्या आवाजात, आणि चहाला परत एकत्र बसायचे. ग्रुपवरचं मात्र पुसलं जात नाही. माझा नियम साधा आहे: ग्रुपवर फक्त वेळापत्रक, मालाची स्थिती आणि सूचना. चूक समोरासमोर. शिफ्ट सुटल्यावर तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज टाकू नका.

कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी हजेरी बसवायची असेल तर कशासाठी आणि चित्रण कोण पाहणार, हे आधी सांगा. हजेरीचं यंत्र आलं की मिनिटामिनिटाने पगार कापायचा मोह होतो. काल तुमच्यासाठी गाडी भरेपर्यंत अर्धा तास थांबलेला माणूस ते विसरत नाही. उशिराची मिनिटं मोजणार असाल तर थांबल्याची मिनिटंही मोजा.

ऑफिसपुरतं एक सांगतो. कोटेशन आणि ईमेल लिहायला हल्ली एआयची साधनं सर्रास वापरली जातात. वापरू द्या, पण ग्राहकाचं ड्रॉइंग त्यात टाकायचं नाही, हे लिहून ठेवा. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते.

पाचवी पायरी: शिकवणं शिफ्टच्या वेळेत, जोडीजोडीने

रविवारी बोलावून प्रोजेक्टरवर दिलेलं प्रशिक्षण सोमवारी सकाळपर्यंत टिकत नाही. रोज वीस मिनिटं, पगारी वेळेत, मशीनजवळ. एक जुना माणूस आणि एक नवा अशी जोडी लावा आणि बटणं जुन्या माणसाला दाबू द्या. नवा शेजारी उभा राहून सांगेल. उलट केलं तर नव्याची बोटं सरावतात आणि जुना नुसता पाहत राहतो.

ज्येष्ठ माणसाला सगळ्यांसमोर पहिल्यांदा पडद्यापुढे उभं करू नका. तीस वर्षं ज्याच्या हाताला हलकंसं माप कळतं, त्याला माऊस कसा धरायचा हे पोरांसमोर शिकवलं की पोटात गोळा येतो. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीनंतर, एकट्याला, दोन-तीन दिवस. एवढं पुरतं. इन्स्पेक्शनला ज्या बायका असतात त्यांच्याकडे नोंदींची जबाबदारी द्यायचा जरूर विचार करा. माझ्या अनुभवात नोंदीतली गफलत सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

आणि मान द्यायचे प्रसंग हातचे घालवू नका. खंडेनवमीला शॉपमध्ये मशीनची पूजा होते, हार घालतात. नवं मशीन आलं असेल तर त्यापुढचा पहिला नारळ सगळ्यात जुन्या कामगाराच्या हातात द्या.

सहावी पायरी: जुनं रजिस्टर बंद करायची तारीख

नवं-जुनं शेजारी-शेजारी एक महिना चालवा. दोन्ही आकडे रोज ताडून पाहा, फरक आला की त्याच दिवशी कारण शोधा. मग ठरलेल्या तारखेला रजिस्टर बंद. ती तारीख मार्चअखेर, गणपती आणि दिवाळीचा महिना टाळून धरा. दोन्ही सहा-सहा महिने चालू ठेवली तर एक खऱ्यासाठी राहतं आणि एक दाखवण्यासाठी, आणि खरं कुठलं ते तुम्हाला कधी कळत नाही.

तारीख ठरली तरी रजिस्टर जिवंत राहतं ते बऱ्याचदा मालकामुळे. पंचवीस वर्षांची सवय असते: सकाळी आठला सुपरवायझरला फोन, "काल किती झाले?" तो बिचारा संगणक उघडत नाही, खिशातल्या चिठ्ठीवरून सांगतो. ती चिठ्ठी तेच रजिस्टर. म्हणून मालकांना मी सांगतो, पडदा स्वतः उघडा, आकडा पाहा आणि मग फोन करा: "दोन नंबरच्या मशीनवर कमी दिसतात, काय झालं होतं?" हे दहा दिवस केलं की सुपरवायझरही फोन यायच्या आधी पडदा पाहायला लागतो.

सातवी पायरी: सहा महिन्यांनी परत वही घेऊन उभे राहा

तोच आठवडा, तेच काम, नुसते प्रश्न टिपा. नवा कागद पहिल्या कागदाशेजारी ठेवा. कोणाकडे जाणारे बाण कमी झाले, कोणाकडे एकही येत नाही, ते पाहा. ज्याच्याकडे एकही बाण उरला नाही, त्याच्याशी त्याच आठवड्यात बोला. त्याला तपासणीत, नव्या पोरांच्या तयारीत, ग्राहकाच्या तक्रारी सोडवण्यात कुठे घेता येईल ते त्यालाच विचारा.

मामांच्या शॉपमध्ये बुशचं प्रकरण झाल्यावर आम्ही त्यांच्या डायरीची पानं एकेक करून तक्त्यांत उतरवली. ते शेजारी स्टुलावर बसून सांगत, तो आयटीआयचा पोरगा टाइप करत असे. सहा महिन्यांनी मी प्रश्न टिपायला परत उभा राहिलो. त्यांच्याकडे येणारे प्रश्न पूर्वीपेक्षा थोडे कमी झाले होते. स्पीड किती, फीड किती, असं विचारायला आता कोणी येत नव्हतं. "ते पडद्यावर आहे, बरं झालं," ते म्हणाले, "रोज तेच तेच सांगून घसा बसायचा." त्या दिवशी तो पोरगा एक नवीन कास्टिंग हातात घेऊन त्यांच्याकडे आला होता. दोघं ते खिडकीजवळ उजेडात धरून, कुठून आवळायचं ते बघत होते.